चीनमध्ये मागे राहिलेल्या जपानी स्त्रिया

चीनमध्ये मागे राहिलेल्या जपानी स्त्रिया (जपानी: चुगोकु झान्र्यू फुजिन) ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ईशान्य चीनमध्ये अडकून पडलेल्या आणि पुढे बहुतांशी तेथील शेतकरी कुटुंबांत विवाह करून राहिलेल्या जपानी स्त्रियांसाठी वापरली जाते. जपान सरकारच्या व्याख्येनुसार ऑगस्ट १९४५ मध्ये ज्यांचे वय १३ वर्षे किंवा त्याहून अधिक होते, त्यांचा या गटात समावेश होतो. त्याहून लहान असलेल्या आणि चिनी कुटुंबांनी वाढवलेल्या मुलांना 'मागे राहिलेली अनाथ मुले' (झान्र्यू कोजी) म्हटले जाते. १३ वर्षांवरील मुली व स्त्रिया स्वतःच्या इच्छेने चीनमध्ये राहिल्या, असे गृहीत धरून जपान सरकारने त्यांना दीर्घकाळ साहाय्य योजनांच्या बाहेर ठेवले. या गृहीतकाला झालेला विरोध हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती मुद्दा आहे.

पार्श्वभूमी

रशिया-जपान युद्धानंतर १९०५ मध्ये जपानला दक्षिण मांचूरियातील रेल्वेचे हक्क मिळाले. १९३१ मध्ये जपानच्या क्वांतुंग सैन्याने मांचूरिया व्यापला आणि १९३२ मध्ये 'मांचुकुओ' हे जपानच्या नियंत्रणाखालील राज्य स्थापन करण्यात आले. त्याच वर्षापासून जपानी शेतकऱ्यांना तेथे वसवण्यास प्रारंभ झाला. सुरुवातीच्या तुकड्या सशस्त्र होत्या व त्यांच्या वसाहती च्यामूस शहराच्या परिसरात उभारल्या गेल्या.

१९३६ मध्ये जपान सरकारने वीस वर्षांत दहा लाख कुटुंबे, म्हणजे सुमारे पन्नास लाख लोक, मांचूरियात वसवण्याची योजना राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली. यामागे दोन हेतू होते. जागतिक मंदी आणि रेशमाच्या किमतींतील घसरणीमुळे हलाखीत सापडलेल्या जपानी खेड्यांवरील लोकसंख्येचा भार कमी करणे हा एक हेतू होता. सोव्हिएत संघाच्या सीमेलगत जपानी वस्तीचा पट्टा निर्माण करणे हा दुसरा. अनेक ठिकाणी एका गावातील कुटुंबांचा ठरावीक हिस्सा उचलून मांचूरियात त्याच गावाची 'शाखा' वसवण्यात आली. सर्वाधिक वसाहतकरी रेशीम उत्पादनावर अवलंबून असलेल्या नागानो प्रांतातून गेले. १९३८ पासून किशोरवयीन मुलांची स्वयंसेवक पथकेही पाठवली जाऊ लागली. या तरुणांशी विवाह करण्यासाठी जपानमधून मुलींची भरती करण्यात येई. अशा मुलींना 'खंडाच्या वधू' असे म्हटले जाई.

वसाहतींसाठी लागणारी जमीन बव्हंशी पडीक नव्हती. चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांच्या लागवडीखालील जमिनी अत्यल्प मोबदल्यात, बळजबरीने घेण्यात आल्या आणि मूळ शेतकरी जपानी वसाहतकऱ्यांचे कूळ किंवा मजूर बनले. याविरुद्ध १९३४ मध्ये थूलुंगशान येथे शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव केला होता. १९४५ पर्यंत किशोर पथके धरून सुमारे २,७०,००० वसाहतकरी मांचूरियात पोहोचले होते.

ऑगस्ट १९४५

१९४५ च्या उन्हाळ्यात क्वांतुंग सैन्याने वसाहतींतील जवळजवळ सर्व धडधाकट पुरुषांना सैन्यात भरती केले. त्यामुळे वसाहतींमध्ये प्रामुख्याने स्त्रिया, मुले व वृद्ध उरले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने मांचूरियावर आक्रमण केले. क्वांतुंग सैन्याने सीमाभागातून माघार घेण्याचे आधीच ठरवले होते, परंतु वसाहतकऱ्यांना याची कल्पना देण्यात आली नव्हती.

सीमेलगतच्या वसाहतींतील लोक पायी रेल्वे स्थानकांकडे निघाले. वाटेत सोव्हिएत रणगाड्यांचे हल्ले, जमिनी गमावलेल्या स्थानिकांचा रोष, उपासमार आणि नद्यांना आलेले पूर यांत अनेकांचा मृत्यू झाला. काही ठिकाणी सामूहिक आत्महत्या झाल्या. १२ ऑगस्ट रोजी माशान येथे एका वसाहतीतील चारशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. चालू न शकणाऱ्या लहान मुलांना चिनी कुटुंबांच्या हवाली करण्याचे किंवा वाटेत सोडून देण्याचे प्रसंगही अनेक मातांवर आले.

वाचलेले लोक हार्बिन, फांगचंग, फुशुन, षन्यांग इत्यादी ठिकाणच्या निर्वासित छावण्यांत जमा झाले. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरते. शाळा व गोदामांतून उभारलेल्या या छावण्यांत अन्न, पांघरुणे व जळण यांचा तुटवडा होता आणि टायफसची साथ पसरली होती. एकूण वसाहतकऱ्यांपैकी सुमारे ८०,००० जण मरण पावले, असे मानले जाते. भरती झालेल्या पुरुषांपैकी अनेकांना सोव्हिएत सैन्याने युद्धकैदी म्हणून सायबेरियात नेले. त्यामुळे आपला पती जिवंत आहे की नाही, हे मागे राहिलेल्या स्त्रियांना कळण्याचा मार्ग नव्हता.

विवाहांचे स्वरूप

१९४५-४६ च्या हिवाळ्यात अनेक जपानी स्त्रिया चिनी शेतकरी कुटुंबांत गेल्या. हे विवाह अनेक मार्गांनी जुळले.

काही स्त्रियांना आजारी किंवा मरणासन्न अवस्थेत चिनी कुटुंबांनी घरात घेतले व बऱ्या झाल्यानंतर त्यांचा घरातील मुलाशी विवाह झाला. काहींनी आपली मुले, धाकटी भावंडे किंवा आई यांना अन्न व निवारा मिळावा या अटीवर विवाह स्वीकारला. काही प्रकरणांत मध्यस्थांनी पैसे किंवा धान्य घेऊन स्त्रियांना सुपूर्त केले. अशा मध्यस्थांमध्ये जपानी लोकही होते. अल्पवयीन मुलींना भावी सून म्हणून वाढवले जाई. घरात लहानपणापासून सून पाळण्याच्या या जुन्या चिनी प्रथेला 'थोंगयांगशी' म्हणतात.

वधूमूल्य (त्साइली) देण्याची प्रथा ग्रामीण चीनमध्ये सर्वत्र होती आणि गरीब शेतकऱ्याला ते परवडत नसे. त्यामुळे भूमिहीन मजूर, वयाने मोठे झालेले अविवाहित पुरुष, विधुर किंवा अपंग पुरुष यांच्यासाठी निर्वासित जपानी स्त्री हा विवाहाचा एकमेव मार्ग ठरत असे. वधूवरांच्या वयांत मोठे अंतर असणे सामान्य होते. काही स्त्रियांचे जपानी पती हयात असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तोपर्यंत त्यांना चिनी पतीपासून अपत्ये झालेली होती.

विवाहांचा अनुभव एकसारखा नव्हता. मारहाण व बंदिवासासारखी वागणूक मिळाल्याच्या नोंदी आहेत. तशाच, ज्या कुटुंबांच्या जमिनी जपानी वसाहतीने घेतल्या होत्या त्याच कुटुंबांनी या स्त्रियांना आसरा दिल्याच्या व पतीने आयुष्यभर आपुलकीने वागवल्याच्या नोंदीही आहेत. वृद्धापकाळी घेतलेल्या मुलाखतींत अनेक स्त्रियांनी या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्याचा भाग म्हणून सांगितल्या आहेत.

ग्रामीण कुटुंबातील जीवन

ईशान्य चीनमधील शेतकऱ्याचे घर मातीच्या किंवा विटांच्या भिंतींचे असे. घरातील मंडळी 'खांग' नावाच्या, चुलीच्या धुराने खालून तापवल्या जाणाऱ्या ओट्यावर एकत्र झोपत, जेवत व बसत. मका, ज्वारी व राळे ही मुख्य धान्ये होती. भाताची सवय असलेल्या जपानी स्त्रियांना हा आहार, सामूहिक शयन आणि भाषा या तिन्ही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. बहुतेकींना चिनी नाव देण्यात आले. स्वयंपाक, शिवण, कापडी बूट तयार करणे आणि कोंबड्या-डुकरांची देखभाल ही कामे सासूच्या देखरेखीखाली चालत. शेतीच्या हंगामात शेतावरही राबावे लागे.

मूळ ओळख लपवण्यासाठी काही स्त्रिया घराबाहेर फारसे बोलत नसत. अनेकींनी स्वतःच्या मुलांनाही जपानी भाषा शिकवली नाही. आसपास दुसरी जपानी स्त्री नसेल तर काही वर्षांत मातृभाषा बोलण्याची सवय मोडे. विशेषतः किशोरवयात मागे राहिलेल्या मुली जपानी वाचन-लेखन जवळजवळ विसरल्या.

१९४९ मध्ये चीनचे जनता-प्रजासत्ताक स्थापन झाले. त्याआधीच ईशान्येत जमीन सुधारणा राबवण्यात आली होती आणि गरीब शेतकरी कुटुंबांत असलेल्या काही जपानी स्त्रियांच्या घरालाही जमिनीचा वाटा मिळाला. १९५० च्या विवाह कायद्याने बळजबरीचे विवाह, बालवधू व उपपत्नी या प्रथांवर बंदी घातली आणि स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क दिला. तथापि परक्या देशात, माहेरचा आधार नसताना व मुले लहान असताना हा हक्क वापरणे बहुतेकींना शक्य झाले नाही.

सामूहिक शेतीच्या काळात या स्त्रिया इतर ग्रामस्थांप्रमाणेच श्रमगुणांच्या मोबदल्यात काम करीत. काहींनी चिनी नागरिकत्व घेतले, तर काही परदेशी रहिवासी म्हणून पोलिसांकडे नोंदणीकृत राहिल्या. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांच्यापैकी अनेकींवर जपानी हेर असल्याचा संशय घेण्यात आला व जाहीर सभांत त्यांचा छळ झाला. त्यांच्या मुलांनाही शिक्षण, सैन्यभरती व पक्षाचे सदस्यत्व यांत अडचणी आल्या. काही गावांत मात्र शेजाऱ्यांनी व गावच्या पदाधिकाऱ्यांनी त्यांना पाठीशी घातले.

मायदेशी परतण्याचे प्रयत्न

१९४६ मध्ये हुलुताओ बंदरातून जपानी नागरिकांना मायदेशी पाठवण्याची मोहीम सुरू झाली व १९४८ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोक परतले. दुर्गम खेड्यांत विवाह झालेल्या स्त्रियांपर्यंत अनेकदा ही बातमी पोहोचलीच नाही. ज्यांना ती कळली, त्यांच्यापैकी काहींना सासरच्यांनी जाऊ दिले नाही, तर काही गरोदर किंवा आजारी होत्या. ईशान्येतील यादवी युद्धामुळे प्रवासही धोक्याचा होता.

त्या वेळी चीन व जपान यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. १९५३ मध्ये चिनी रेडक्रॉस व तीन जपानी संघटना यांच्यात बीजिंग येथे झालेल्या करारानंतर सामूहिक परतीचा दुसरा टप्पा सुरू झाला. १९५८ पर्यंत ३०,००० हून अधिक लोक जहाजांनी प्रामुख्याने माइझुरु बंदरात उतरले. चिनी पुरुषाशी विवाह झालेल्या स्त्रीला या टप्प्यात परतायचे तर सामान्यतः पती व अनेकदा मुले यांना मागे ठेवावे लागे. या अटीमुळे अनेक स्त्रियांनी परतण्याचा विचार सोडला. काहींना या दशकाच्या उत्तरार्धात माहेरी तात्पुरती भेट देता आली. १९५८ मध्ये दोन्ही देशांचे संबंध बिघडल्याने सामूहिक परतीची वाहतूक बंद झाली.

१९५९ मध्ये जपानने न परतलेल्या व्यक्तींबाबत विशेष कायदा केला. त्यानुसार ज्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता, त्यांना कुटुंबीयांच्या संमतीने युद्धकाळात मृत म्हणून घोषित करता येऊ लागले. त्यामुळे चीनमधील खेड्यात जिवंत असलेल्या अनेक स्त्रियांची नावे जपानच्या कुटुंब नोंदवहीतून (कोसेकी) वगळली गेली.

१९७२ नंतर

सप्टेंबर १९७२ मध्ये चीन व जपान यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. पत्रव्यवहार सुलभ झाला व मायदेशी जाण्यासाठी प्रवासखर्च मिळू लागला. १९८१ मध्ये अनाथ मुलांच्या पहिल्या गटाने सरकारी खर्चाने जपानला भेट दिली व त्यांच्या नातेवाइकांचा शोध दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिला गेला. प्रौढ स्त्रियांना मात्र या शोधमोहिमेत स्थान नव्हते. आपण कोण आहोत हे त्यांना ठाऊक आहे व त्या स्वेच्छेने राहिल्या आहेत, अशी सरकारची भूमिका होती.

कायमचे परतण्यासाठी जपानमधील नातेवाइकाची हमी आवश्यक असे. आई-वडील हयात नसलेल्या स्त्रीला हमीसाठी भाऊ, भावजय किंवा पुतण्या यांच्यावर अवलंबून राहावे लागे. वाटणीचा प्रश्न उद्भवेल, किंवा भाषा न येणारे मोठे कुटुंब सांभाळावे लागेल, या भीतीने अनेक नातेवाइकांनी हमी नाकारली. स्वतःच्या देशात प्रवेश मिळवण्यासाठी दुसऱ्याची हमी लागणे हा या स्त्रियांच्या तक्रारीचा मुख्य विषय होता.

५ सप्टेंबर १९९३ रोजी बारा वृद्ध स्त्रिया हमीदाराविना तोक्योजवळील नारिता विमानतळावर उतरल्या व त्यांनी तेथेच रात्र काढली. वृत्तपत्रांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली. त्यानंतर १९९४ मध्ये चीनमध्ये मागे राहिलेल्या जपानी लोकांच्या परतीस व पुनर्वसनास साहाय्य करणारा कायदा संमत झाला. या कायद्याने स्त्रिया व अनाथ यांना एकाच संज्ञेखाली आणले आणि त्यांचे परतणे सुलभ करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली. १९७२ नंतर एकूण सुमारे ६,७०० मागे राहिलेले जपानी नागरिक कायमचे परतले. सोबत आलेले कुटुंबीय धरल्यास ही संख्या सुमारे २०,९०० होते.

जपानमधील पुनर्वसन व न्यायालयीन लढा

परतलेल्या स्त्रिया बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांच्यासोबत आलेल्या चिनी पतींना व मुलांना जपानी भाषा येत नव्हती. चीनमध्ये 'जपानी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या स्त्रियांना जपानमध्ये शेजारी 'चिनी' समजत. कामाची वर्षे कमी असल्याने निवृत्तिवेतन तुटपुंजे होते व बहुसंख्य कुटुंबे गरिबांसाठीच्या सार्वजनिक साहाय्यावर जगत. हे साहाय्य घेणाऱ्यांना चीनमध्ये आप्तांना भेटण्यास गेल्यास त्या काळातील रक्कम गमवावी लागत असे. पतीच्या किंवा दत्तक पालकांच्या कबरीला भेट देणेही त्यामुळे अवघड झाले.

२००१ मध्ये तीन स्त्रियांनी तोक्यो जिल्हा न्यायालयात राज्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. लवकर मायदेशी आणण्याचे व पुनर्वसनाचे कर्तव्य सरकारने पार पाडले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ पासून सुमारे २,२०० अनाथांनीही देशभरातील न्यायालयांत असेच दावे केले. २००६ मध्ये स्त्रियांचा दावा फेटाळण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने अनाथांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर राजकीय तोडगा निघून २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. २००८ पासून परतलेल्या पात्र व्यक्तींना पूर्ण मूलभूत निवृत्तिवेतन व अतिरिक्त निर्वाह साहाय्य मिळू लागले. ही तरतूद स्त्रिया व अनाथ या दोघांनाही लागू आहे.

'स्वेच्छे'चा वाद

तेरा वर्षांची वयोमर्यादा ही या विषयातील सर्वाधिक टीका झालेली बाब आहे. टीकाकारांच्या मते, उपासमार व थंडी यांतून जीव वाचवण्यासाठी केलेल्या विवाहाला मुक्त निवड म्हणता येत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तर निर्णयाची संधीच नव्हती. त्याच वेळी, १९५० च्या दशकात परतण्याची शक्यता असूनही काही स्त्रिया राहिल्या, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात. त्यांच्या मते या स्त्रियांना केवळ बळी मानणे अपुरे आहे. मुलांसाठी व ज्या कुटुंबाने जगवले त्याच्याविषयीच्या कर्तव्यभावनेने राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता, आणि तो निर्णय सरकारची जबाबदारी कमी करीत नाही.

चीनमध्ये या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन संमिश्र आहे. एकीकडे शत्रूच्या निराधार स्त्रिया-मुलांना सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांची उदारता गौरवली जाते. दुसरीकडे हे वसाहतकरी आक्रमणाचे व जमीन बळकावण्याच्या धोरणाचे भाग होते, याची आठवण ठेवली जाते.

स्मारके

हेलाँगच्यांग प्रांतातील फांगचंग येथे १९४५-४६ च्या हिवाळ्यात मोठ्या संख्येने निर्वासित मरण पावले होते. तेथे राहिलेल्या एका जपानी स्त्रीला शेत तयार करताना मानवी अस्थी आढळल्या व त्यांचे दफन करण्याची परवानगी तिने मागितली. पंतप्रधान चौ एन्लाय यांच्या संमतीने १९६३ मध्ये तेथे जपानी लोकांची सार्वजनिक समाधी बांधण्यात आली. सांस्कृतिक क्रांतीतही ती टिकून राहिली. १९९५ मध्ये जपानला परतलेल्या एका अनाथाने त्याच परिसरात चिनी दत्तक पालकांसाठी समाधी उभारली. २०११ मध्ये फांगचंग प्रशासनाने वसाहतकऱ्यांची नावे कोरलेली भिंत उभारली. तिला चीनमध्ये तीव्र विरोध झाला, आंदोलकांनी तिच्यावर लाल रंग टाकला आणि काही दिवसांतच प्रशासनाने ती काढून टाकली.

जपानमध्ये नागानो प्रांतातील आची गावात २०१३ मध्ये मांचूरिया-मंगोलिया वसाहत शांती स्मारक संग्रहालय सुरू झाले. वसाहतकरी पाठवणाऱ्या गावांचा सहभाग, स्थानिक शेतकऱ्यांवरील अन्याय आणि मागे राहिलेल्यांचे अनुभव या तिन्ही बाजू तेथे मांडल्या आहेत. २०१६ मध्ये सम्राट आकिहितो यांनी या संग्रहालयाला भेट दिली.

साहित्य व चित्रवाणी

तोयोको यामासाकी यांची 'दाइची नो को' ही कादंबरी चिनी कुटुंबात वाढलेल्या जपानी अनाथाविषयी असून १९९५ मध्ये जपानी सार्वजनिक वाहिनीने तिच्यावर आधारित मालिका प्रसारित केली. चिनी लेखिका यान गलिंग यांच्या 'श्याओई त्वोह' (२००८) या कादंबरीची नायिका वसाहतकऱ्यांपैकी एक किशोरवयीन मुलगी आहे. वंश चालवण्यासाठी एक चिनी कुटुंब तिला विकत घेते, ती स्वतःच्याच मुलांची 'मावशी' म्हणून घरात राहते आणि पुढे त्याच कुटुंबाचा आधार बनते.